तास पीटीचा, मिनिटं कुणाची?

जुलैतला उघडीप असलेला दिवस. ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेच्या मैदानाकडेच्या पायरीवर मी घड्याळ घेऊन बसलो होतो. सातवीचा वर्ग, ५६ मुलं, ३५ मिनिटांचा पीटीचा तास. सरांची परवानगी होती, पण मी नेमकं काय मोजणार ते त्यांना सांगितलं नव्हतं. वर्गाकडे मी बघणारच नव्हतो. दोन वेण्या वर दुमडून लाल रिबिनी बांधलेली एकच मुलगी मी निवडली आणि ती किती वेळ हालते एवढंच टिपायचं ठरवलं.

तिसऱ्या मजल्यावरून रांगेनं खाली यायला सहा मिनिटं गेली. उंचीप्रमाणे उभं राहणं, हजेरी, दोघांनी पांढरे बूट घातले नाहीत म्हणून सगळ्या वर्गाला उपदेश, यात पाच. सावधान-विश्राम आणि कवायतीचे प्रकार, चार. मग मुलग्यांना फुटबॉल, मुलींना डॉजबॉल. लाल रिबीन दुसऱ्या-तिसऱ्या फेकीलाच बाद झाली. बाद झालेल्यांनी कडुनिंबाखाली बसायचं असा नियम. तिथं ती बसली ती पुन्हा रांगेची शिट्टी होईपर्यंत. मैत्रिणीच्या तळहातावर तिनं बॉलपेननं एक सुबक फूल काढलं. माझ्या कागदावरची बेरीज अशी निघाली: जिना आणि कवायत धरून तिची प्रत्यक्ष हालचाल नऊ मिनिटं. दम लागेल अशी हालचाल, फार तर दीड.

सर वाईट नव्हते. शिट्टी गळ्यात, आवाज खणखणीत, पोरं त्यांच्याभोवती घुटमळणारी. तालुक्याला कबड्डीचा संघ नेऊन त्यांनी ढाल आणलेली होती, ती मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेमागं दिसत होती. मी कागद दाखवला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “साहेब, तुम्ही नेमकी चुकीची पोरगी धरलीत. ती खेळाडू नाही.”

या वाक्यानं मला हा लेख लिहायला लावला.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडं मजबूत करणारे व्यायाम त्यात असावेत. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१६ पर्यंतची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के, मुलग्यांत ७८. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्क्यांचा. जगापेक्षा आपण थोडे बरे, म्हणून पाठ थोपटायला हरकत नाही, पण चारातली तीन मुलं तरीही उरतातच.

मग शाळांनी कार्यक्रम काढावेत हे ओघानं येतं. कार्यक्रम जगभर निघालेच. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनाची चाळण करून नेमकं काय टिकतं ते सांगते. शाळांमधल्या अशा उपक्रमांवरचे ८९ अभ्यास तिनं २०२१ मध्ये एकत्र तपासले. त्यातून दिवसाच्या मध्यम-जोरकस हालचालीत सरासरी वाढ निघाली ती पाऊण मिनिटाच्या आसपास! बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानानं असलेल्या वजनात, जवळजवळ काहीच फरक नाही. काही उपक्रम चांगले ठरले, काही वाया गेले, आणि सरासरीत सगळं सपाट झालं, हे खरं. तरी पुस्तिका, फलक, प्रशिक्षणं, उद्घाटनं एवढा खटाटोप करून हातात पाऊण मिनिट पडत असेल, तर दोष मुलांच्या आळसाचा नसून तासाच्या आखणीचा असणार, असा मला दाट संशय आहे.

त्या आखणीतला सर्वांत घातक शब्द ‘आऊट’. शाळेतले खेळ आठवून बघा. संगीत खुर्चीत सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? जो सगळ्यात हळू आहे तो. डॉजबॉलमध्ये कोण बाद होतं? जिला चटकन वाकता येत नाही ती. ज्या मुलाला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याला पहिल्या मिनिटाला बसवायचं आणि जो आधीच चपळ आहे त्याला शेवटपर्यंत पळवायचं, अशी ही रचना. औषधाच्या दुकानात निरोग्याला बाटली आणि आजाऱ्याला बाक मिळाला तर आपण भांडू. मैदानावर भांडत नाही, कारण त्याला आपण खेळ म्हणतो.

खो-खोवाले आता माझ्यावर चिडणार, तरी लिहितो. खो-खो हा आपला लाडका खेळ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले आणि गल्लीतला पाठशिवणीचा खेळ मैदानात आणला. वेग, झुकांडी, खांबावरची सूर मारून धरपकड, पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. पण वर्गाच्या तासाला हाच खेळ घेतला की हिशेब काय होतो? पाटीवर आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. उरलेली चव्वेचाळीस मुलं मैदानाच्या कडेला ‘खो दे, खो दे’ म्हणून घसा सुकवताहेत. खेळ म्हणून उत्तम. ५६ जणांच्या व्यायामासाठी तो कुणी बेतलेलाच नाही. चार पाट्या आखून चार सामने एकदम लावले तर गोष्ट वेगळी. त्याला चुना लागतो, वेळ लागतो, चार शिट्ट्या लागतात.

उलट ‘साखळी’ घ्या. एकावर राज्य, तो ज्याला पकडेल त्यानं हात धरायचा, साखळी वाढत जायची. बाद कुणीच होत नाही. पकडला गेलेला जास्तच पळतो. ‘विषामृत’मध्ये विष मिळालेला खाली बसतो, पण अमृत द्यायला कुणीतरी धावत येतंच आणि तो पुन्हा खेळात. लंगडीत तीस सेकंदात पिंढऱ्या बोलायला लागतात. हे खेळ ज्यांनी घडवले त्यांनी कुठला अहवाल वाचलेला नव्हता. त्यांच्यापाशी अंगण होतं, पोरं भरपूर होती आणि कुणालाही घरी पाठवायचं नव्हतं.

असाच एक जुना तोडगा म्हणजे लेझीम. एकेकाळी महाराष्ट्रातल्या शाळेत लेझमींच्या जुड्या भिंतीला टांगलेल्या असायच्या. चार आवाज, आठ आवाज, बसून, वळून, उडी घेऊन. हलगी किंवा ढोल चढत जायचा आणि पंधरा मिनिटांत पाठीचे सदरे ओले. सगळे एकदम हालताहेत, कुणाची निवड नाही, कुणी मागं राहिला तर बाजूच्याकडे बघून पाय उचलतो. आता लेझीम निघते ती पाहुणे येणार असतील तेव्हा, आणि तीही निवडक वीस मुलांची. उरलेले टाळ्या वाजवतात.

शारीरिक शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बराच खोल आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं. त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारून योगाभ्यास प्रयोगशाळेत नेला. शिक्षक हवेत म्हणून मुंबई सरकारनं १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था सुरू केली. तिथून बाहेर पडलेले ‘कांदिवलीचे सर’ हा पुढं कित्येक वर्षं शाळाशाळांतला दराऱ्याचा शब्द होता.

या सगळ्यांत माझ्या आवडीचा माणूस म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सातारा जिल्ह्यातलं ते चिमुकलं संस्थान. राजा चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांनी झपाटलेला. संस्थानच्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार लागू केले, त्यावर मराठीत लिहिलं, आणि लुईस मॉर्गन या लंडनच्या पत्रकार बाईंच्या साहाय्यानं १९३८ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तकही निघालं. राजेशाही हुकुमानं मुलांना वाकवणं मला फारसं रुचत नाही. पण त्यांनी पाहिलेली एक गोष्ट आजच्या शहरी शाळेला अगदी लागू आहे: या व्यायामाला साधन लागत नाही आणि जागा लागते ती एका सतरंजीएवढी. मैदान नसलेल्या शाळेच्या व्हरांड्यातसुद्धा पन्नास मुलं एकाच वेळी दहा मिनिटं घाम गाळू शकतात. आपण त्याचं काय केलं? रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्कार, फोटो, बातमी, आणि अष्टमीपासून पुन्हा बाकावर.

स्वातंत्र्यानंतरचा एक मोठा प्रयोगही एका मराठी माणसाचा. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले, मूळचे सावंतवाडीकडचे. दिल्लीत फाळणीच्या निर्वासितांच्या मुलांमध्ये त्यांनी १९५४ साली ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. कवायत, खेळ, समूहगान. उखडलेल्या मुलांना पुन्हा उभं करायला ती उपयोगी पडली, म्हणून देशभर पसरली. समिती बसली आणि साठीच्या दशकात अशा निरनिराळ्या योजना एकत्र करून ‘नॅशनल फिटनेस कोअर’ झाली. योजनेच्या नावात शिस्त होती आणि तीच मागं राहिली, असं मला आपल्या मैदानांकडे बघून वाटतं. ‘सावधान’ म्हणजे हालू नका. तासातली दहा मिनिटं आपण मुलांना न हालण्याचं शिक्षण देतो आणि त्याला शारीरिक शिक्षण म्हणतो.

आता मोजमापाकडे येऊ, कारण हल्ली सगळा भर त्यावर आहे. २९ ऑगस्ट २०१९ ला, मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिनी, ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू झाली. शाळांसाठी ‘खेलो इंडिया’च्या चाचण्या आल्या. लहानांना बीएमआय, एका पायावर तोल सांभाळणं आणि दोन चकत्यांना आळीपाळीनं हात लावणं. नऊ वर्षांपुढच्यांना ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, पोटाचे व्यायाम, जोर आणि बसून पुढं वाकणं. चाचण्या शास्त्रशुद्ध आहेत. पण माझ्या ओळखीच्या एका शाळेचं अंगण इतकं लहान की ६०० मीटरला बारा फेऱ्या होतात. बाराव्या फेरीपर्यंत मोजणाऱ्या बाईंनाच चक्कर येते आणि आकडे मग ‘अंदाजे’ भरले जातात.

अमेरिकेनं हे सगळं आधी करून पाहिलं आहे. १९५० च्या दशकात हान्स क्राउस या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहा सोप्या चाचण्या घेतल्या. त्यातली किमान एक न जमलेली अमेरिकी मुलं ५७.९ टक्के निघाली, युरोपातली फक्त ८.७ टक्के. शीतयुद्धाचे दिवस; राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषदच नेमली. पुढं राष्ट्राध्यक्षांच्या नावाची चाचणी शाळाशाळांत गेली. पहिल्या पंधरा टक्क्यांत येणाऱ्यांना बिल्ला. आणि बाकीच्यांना? वर्गासमोर बारला लटकून एकही पुल-अप न निघाल्याची आठवण, जी तिथले लोक साठीतही सांगतात. २०१२ नंतर ती चाचणी मागं पडली. २०२५ च्या जुलैत ट्रम्प यांनी ती पुन्हा आणण्याचा आदेश काढला. मोजण्याचा मोह देशांनाही सुटत नाही.

मोजणं नेटकं कसं करावं हे बघायचं तर युरोपातल्या स्लोव्हेनियाकडे बघावं. देश केवढा, तर लोकसंख्या आपल्या नागपूर शहराहून कमी. तिथं १९८७ पासून दर एप्रिलात देशभरच्या शाळांतून मुलांची उंची, वजन, दंडावरच्या चरबीची जाडी आणि आठ हालचालींच्या चाचण्या होतात. लांब उडी, हात वाकवून लटकणं, उलटं रांगत अडथळे पार करणं, आणि हो, ६०० मीटर धावही. पालकांची लेखी संमती लागते. आकडे मिळतात ते मुलाला आणि आईवडिलांना, आणि त्यात मूल गेल्या वर्षी कुठं होतं आणि यंदा कुठं आहे ते दिसतं. नव्वदीनंतर मुलांची क्षमता घसरत चालल्याचं यातूनच कळलं. मग २०१० पासून काही वर्षं अनेक शाळांत आठवड्याला जादा व्यायामतास दिले गेले आणि त्या दशकात आलेख वर वळला. २०२० मध्ये करोनानं शाळा दोन महिने बंद ठेवल्या. लगेच पुढच्या मोजणीत नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी घसरण दिसली. शाळेच्या मैदानाची किंमत किती, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नाही, कारण दुसऱ्या कुणाकडे इतकी वर्षं टिकवलेली वही नव्हती.

आपल्या चाचण्यांतल्या बीएमआयबद्दल मात्र एक टीप द्यायलाच हवी, आणि ती पुण्याची आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय बाळ जन्मतःच काटकुळं दिसतं पण आत चरबी बाळगून असतं, हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासातून पुढं आलेलं निरीक्षण आता जगभर माहीत आहे. याचा शाळेच्या बाबतीत अर्थ असा की वजनकाट्यावर ‘ठीक’ दिसणाऱ्या किडकिडीत मुलाला कडुनिंबाखाली बसू देणं हे जाड्या मुलाला बसू देण्याइतकंच महागात पडू शकतं. आपण तर ‘बारीक आहे, दमतो’ म्हणून त्याला कौतुकानं बसवतो.

मग करायचं काय? मला पटलेला सर्वांत साधा उपक्रम स्कॉटलंडचा आहे. स्टर्लिंग गावातली सेंट निनियन्स ही प्राथमिक शाळा. शाळेत मदतीला येणाऱ्या एका वयस्क स्वयंसेवकानं मुख्याध्यापिका इलेन वायली यांना ऐकवलं की मुलांच्या अंगात दम नाही. बाईंनी मुलांना मैदानाला फेरी मारायला लावली, आणि बहुतेकांना ती पुरी करता येईना. फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी रोज पंधरा मिनिटं मुलांना बाहेर काढलं. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, शिट्टी नाही. पळा, दुडक्या चालीनं जा, दमलात तर चाला, पण थांबू नका. महिनाभरात मुलं मैलभर जाऊ लागली. याचंच पुढं ‘डेली माइल’ झालं. २०१८ मध्ये दोन शाळांची तुलना छापून आली: या उपक्रमातल्या मुलांची दिवसाची मध्यम-जोरकस हालचाल सुमारे नऊ मिनिटांनी वाढलेली, धावण्याची क्षमता वाढलेली, त्वचेखालची चरबी किंचित कमी. बर्मिंगहॅममध्ये चाळीस शाळांत मोठी पाहणी झाली तेव्हा बीएमआयवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. वजन उतरवण्याचा हा उपाय नव्हेच. दम वाढवण्याचा आहे.

यातली ग्यानबाची मेख अशी की ही पंधरा मिनिटं पीटीच्या तासातून काढलेली नाहीत. भाषेच्या, गणिताच्या तासातून काढली आहेत. कधी, ते वर्गशिक्षकानं ठरवायचं. मुलं जांभया देऊ लागली की निघायचं.

हे आपल्याकडे सांगितलं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, “आणि पोर्शन?” अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं २०१० मध्ये हालचाल आणि अभ्यास यांच्या नात्यावरचं ५० अभ्यासांतलं संशोधन तपासलं. तपासलेल्या संबंधांपैकी निम्म्यांत हालचालीनं अभ्यासाला फायदा दिसला, जवळपास निम्म्यांत काहीच फरक नाही, आणि तोटा दिसला तो जेमतेम दीड टक्क्यांत. म्हणजे परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देण्याची जी आपली सनातन रीत आहे, तिला कसलाही आधार नाही. गणिताचा तास पीटीला दिल्याचं मात्र मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं म्हटलं, आणि सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक. अंशकालीन म्हणजे पगारही अंशकालीन. मैदानात वाहनं लागतात, लग्नं लागतात. विदर्भात मार्चपासून दुपारचं ऊन पोरांना मैदानावर उभं राहू देत नाही, कोकणात चार महिने चिखल.

मुलींची अडचण आणखी निराळी. सातवी-आठवीत मुलींचा ‘सर, आज बरं नाही’ हा निरोप वाढत जातो. पाळी हे एक कारण. स्वच्छतागृहात पाणी नसणं, पळताना ओढणी सांभाळणं, कुंपणापलीकडची टवाळ पोरं ही बाकीची. एका शाळेनं मुलींना पीटीच्या दिवशी घरूनच ट्रॅकपँट घालून यायला परवानगी दिली, तर कडुनिंबाखालची गर्दी निम्मी झाली, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं. संशोधन वगैरे काही नाही. एक परिपत्रकही नाही. नुसती परवानगी.

नोव्हेंबरात मी त्या ठाण्याच्या शाळेत पुन्हा गेलो. सरांनी माझा कागद जपून ठेवला होता, थोडा रागानंच. म्हणाले, “बसा. आज मोजा.” रांगा नव्हत्या; हजेरी जिन्यातच उरकलेली. मैदानाचे फक्कीनं चार भाग केलेले आणि चारही भागांत साखळी. फुटबॉल कपाटात, त्यामुळे पाच-सहा मुलगे फुरंगटून उभे होते, पण साखळी अंगावर आल्यावर त्यांनाही पळावं लागलं. लाल रिबीन लवकरच पकडली गेली आणि साखळीच्या टोकाला लागली. साखळी वळते तेव्हा मधल्यांना चार पावलं टाकली की भागतं, टोकाच्याला मात्र पूर्ण वेढा मारून धावावं लागतं. तिची एक रिबीन सुटली होती, ती तिनं दातात धरली होती.

माझ्या घड्याळात एकोणीस मिनिटं झाली तेव्हा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. सरांनी वाचली आणि माझ्याकडे दिली. सहामाही तोंडावर नव्हती, तरी सोमवारचा तास गणिताच्या बाईंना हवा होता.

“देणार?” मी विचारलं.

सरांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. “बघतो,” ते म्हणाले आणि शिट्टी न वाजवताच साखळीकडे धावले.